मेलेल्या लेंकराचें दुपटें

युरोपचें नांव निघालें कीं आमच्यांतले कांहीं शिकलेले लोक मान डोलावून सांगूं लागतात, “अहो, तिकडचें सगळेंच निराळें! तिकडे धर्म देवळांत आणि कायदा कचेरींत. दोघांची गांठ कधीं पडलीच नाहीं, म्हणून ते लोक पुढें गेले.” दुसरे कांहीं याच्या उलट टोकाला जातात आणि म्हणतात, “भिक्षुकशाही हा या देशाच्या मातीचाच गुण आहे; ती कोणाच्या काढल्यानें निघावयाची नाहीं.” हीं दोन्हीं मतें खोटीं आहेत आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो : माणूस हातावर हात ठेवून बसतो. पहिल्याला वाटतें, तिकडच्यांना जें जन्मतःच मिळालें तें आपल्याला कोठून मिळणार? दुसऱ्याला वाटतें, आपल्या नशिबीं जें जन्मतःच आलें तें जाणार कसें?

या दोघांनींही युरोपच्या मध्ययुगाचा इतिहास एकदां उघडून पाहावा. तेथें धर्माधिकाऱ्यांचें कोर्ट वेगळें होतें, त्यांच्या गुन्ह्याला शिक्षा वेगळी होती, बारशापासून बाराव्यापर्यंत म्हणावी अशी दक्षिणा होती, बहिष्काराचें हत्यार होतें आणि मायबोलींत धर्मग्रंथ बाळगणाऱ्याला जिवंत जाळण्याचा कायदाही होता. हें जोखड तिकडे आपोआप गळून पडलें नाहीं. तें एकेक दोर तोडून काढावें लागलें आणि त्याला शतकें लागलीं. त्यांतले दोन दोर कसे तुटले, एवढेंच आज आम्ही इंग्लंडच्या इतिहासांतून सांगणार आहों.

इंग्लंड जिंकणाऱ्या पहिल्या विल्यम राजानें अकराव्या शतकांत बिशपांचीं कोर्टें राजाच्या कोर्टांपासून वेगळीं केलीं. वरवर पाहतां ही व्यवस्था मोठी नीटनेटकी दिसते. आत्म्याचें काम बिशपानें पाहावें, जमिनीचें व मारामारीचें काम राजानें पाहावें. पण आत्म्याची हद्द कोठें संपते हें ठरविणारा बिशपच! लग्न लागलें कीं नाहीं हें त्याच्या कोर्टांत ठरे. मृत्युपत्र खरें कीं खोटें हें तेथेंच ठरे. कोणी शपथ मोडली, कोणी कोणाची अब्रू घेतली, कोणाचें पाऊल वांकडें पडलें, हें सगळें तेथेंच. शेतांत पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा देवळाचा. गवताचा, कोंकरांचा, लोंकरीचा, अंड्यांचासुद्धां दहावा हिस्सा देवळाचा. आणि तो चुकविला तर खटला कोठें चालावयाचा? पुन्हां त्याच कोर्टांत! फिर्यादी धर्मगुरू, न्यायाधीश धर्मगुरू आणि फिर्याद धर्मगुरूच्या उत्पन्नाची. असा न्याय आमच्या रयतेला नवा नाहीं.

रयत अशी बिशपाच्या कोर्टांत ओढली जात होती. पण बिशपाचा माणूस मात्र राजाच्या कोर्टांत जात नव्हता. चर्चच्या सेवेंत असलेल्या माणसानें चोरी केली, खून केला, तरी त्याचा न्याय त्याच्या जातभाईंनींच करावयाचा. आणि चर्चनें रक्त सांडूं नये असा त्यांचा नियम, म्हणून त्या कोर्टांत फांशी नाहीं. फार तर अधिकार काढून घेणें, प्रायश्चित्त, उपास, मठांत किंवा बिशपाच्या कैदखान्यांत ठेवणें. बरें, ही सवलत केवळ पूजाअर्चा करणाऱ्यांनाच होती म्हणावें तर तसेंही नाहीं. देवळाचा दरवाजा राखणारा, पोथी वाचून दाखविणारा, शिकणारा विद्यार्थी, डोक्याचा मधला भाग गोल भादरलेला कोणीही या छत्राखालीं येई. तोच गुन्हा नांगरट्यानें केला तर त्याच्या गळ्याला दोर.

आमच्या वाचकांना येथें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. इतर वर्णांना जेथें देहान्त शिक्षा, तेथें ब्राह्मणाला डोकें भादरण्याची शिक्षा, असें तो अध्याय सांगतो. इंग्लंडांत डोकें भादरलेलें असलें म्हणजे देहान्त टळे; मनूच्या राज्यांत देहान्ताच्या ऐवजीं डोकें भादरलें जाई. न्हावी अगोदर येवो कीं मागून, फांसावर चढणारा मात्र दोन्हींकडे शूद्रच!

दुसरा हेन्री राजा ११५४ सालीं गादीवर आला. त्याच्या राज्यांत चर्चच्या लोकांनीं शंभरांहून अधिक खून केल्याचें राजाच्या कानावर घातलें गेलें, असें विल्यम ऑफ न्यूबर्ग या बखरकारानें लिहून ठेवलें आहे. आणि हा बखरकार कोणी धर्मद्रोही नसून स्वतः मठांत राहणारा होता. ११६३ सालीं फिलिप द ब्रॉय नांवाच्या एका धर्माधिकाऱ्याचें प्रकरण उपस्थित झालें. त्याच्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. बिशपाच्या कोर्टांत तो सुटला. राजाच्या न्यायाधीशानें प्रकरण पुन्हां काढतांच त्यानें त्या न्यायाधीशाला भर सभेंत शिव्या दिल्या. राजाला हें सोसलें नाहीं. ११६४ च्या जानेवारींत क्लॅरेंडन येथें त्यानें सोळा कलमें लिहून काढलीं. त्यांतल्या तिसऱ्या कलमाचा मथितार्थ असा कीं, आरोपी चर्चचा असला तरी त्यानें राजाच्या कोर्टापुढें हजर व्हावें. त्याची चौकशी बिशपानेंच करावी, पण गुन्हा शाबीत झाल्यावर चर्चनें त्याला पाठीशीं घालूं नये. म्हणजे अधिकार काढून घेतलेला तो माणूस साध्या प्रजाजनाप्रमाणें शिक्षा भोगील.

ही मागणी किती माफक होती पाहा! तरी कँटरबरीचा मुख्य बिशप टॉमस बेकेट आडवा पडला. देवसुद्धां एका गुन्ह्याला दोनदां शिक्षा करीत नाहीं, मग अधिकार काढून घेतल्यावर फांशी कसली, हें त्याचें म्हणणें. बेकेट हा कांहीं लबाड माणूस नव्हता. तो हट्टी, धीट आणि आपल्या मताला जिवापलीकडे जपणारा होता. सहा वर्षें त्यानें परदेशांत काढलीं, आणि परत आल्यावर ११७० च्या डिसेंबरच्या २९ तारखेला राजाच्या चार सरदारांनीं त्याला त्याच्याच देवळांत ठार मारलें. येथें राजाचा पक्ष बुडाला. ज्या मागणींत न्याय होता ती मागणी खुनाच्या रक्तानें विटाळली. बेकेट ११७३ सालीं संत झाला. ११७४ सालीं राजा अनवाणी त्याच्या थडग्यापाशीं गेला आणि त्यानें मठवाल्यांच्या हातून पाठीवर फटके खाल्ले. पुढें ११७६ सालीं, जंगलाच्या कायद्याचे गुन्हे वगळून, चर्चच्या माणसांवर आपल्या कोर्टांत खटले चालविण्याचा हक्क त्यानें सोडला. एका अविचारी खुनानें इंग्लंडांतली भिक्षुकशाही पुढच्या साडेतीनशें वर्षांपुरती पक्की झाली. जुलुमाविरुद्ध लढणाऱ्यानें तरवारीला हात घातला कीं जुलूम करणारा हुतात्मा ठरतो. ज्यांना सुधारणेची घाई झाली आहे त्यांनीं हें विसरूं नये.

पुढें या सवलतीचें जें झालें तें वाचून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. चर्चचा माणूस ओळखावा कसा? डोकें तर कोणीही भादरून येईल! तेव्हां चौदाव्या शतकापासून वाचतां येणें हीच खरी खूण मानली जाऊं लागली. आरोपीच्या हातांत लॅटिन पोथी द्यावयाची. त्यानें घडाघड वाचलें तर तो चर्चचा, नाहीं वाचलें तर फांशी. ज्याला वाचतां आलें तो वांचला! आणि वाचावयाचें तें बहुधा एकच ठरलेलें असे, एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ. मग तुरुंगांतले बेरकी चोर तेवढी ओळ पाठ करून येत आणि पोथी उलटी धरली तरी चालत. लोकांनीं त्या ओळीला ‘मानेची ओळ’ असें नांव ठेवलें होतें. बेन जॉन्सन हा मोठा नाटककार १५९८ सालीं द्वंद्वांत एका नटाला मारून याच युक्तीनें सुटला. त्याच्या अंगठ्यावर डाग दिला, एवढेंच.

यांत फुटका कोणाचा घडा? ज्याला कोणी अक्षर शिकविलें नाहीं त्याचा. गरीब कुणब्याचें पोर भुकेनें मेंढी चोरून फांसावर गेलें आणि पंडित खुनी अंगठा पोळून घरीं आला. बाईमाणसाला तर या सवलतीचें दारच बंद होतें, कारण बाई धर्मगुरू होऊं शकत नव्हती. तिला १६२४ सालीं लहान चोऱ्यांपुरती आणि १६९२ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें ही सूट मिळाली. वाचून दाखविण्याची अट १७०६ सालीं गेली आणि सगळी सवलतच १८२७ सालीं रद्द झाली. म्हणजे इंग्रजांनीं पुणें घेतलें तेव्हां त्यांच्या स्वतःच्या देशांत हें सोंवळें अजून शिल्लक होतें. काशीकडच्या मुलखांत कंपनी सरकारनें १७९५ सालीं कायदा करून ब्राह्मणाला फांशी माफ केली आणि १८१७ सालीं ती माफी काढून घेतली, तेव्हांही घरच्या या सवलतीला दहा वर्षें आयुष्य उरलें होतें. इंग्रज कायद्याची समता घेऊन जन्माला आला असें ज्यांना वाटतें त्यांनीं या सनावळ्या पाठ कराव्या.

आतां दुसरा दोर, दक्षिणेचा. इंग्लंडांत माणूस मेला कीं त्याच्या घरचें सर्वांत चांगलें जनावर जमीनदार नेई आणि त्याच्या खालोखालचें जनावर देवळाचा धर्मगुरू नेई. शहरांत जनावरें नसलीं तर मेलेल्याचा उत्तम पोशाख. याला शास्त्राधार काय? तर त्या माणसानें जन्मभरांत दहाव्या हिश्शाचा कांहीं भाग चुकून बुडविला असेल, त्याचें पाप आत्म्याला लागूं नये! मेल्याच्या टाळूवरचें लोणी खाणें ही म्हण आमची. पण तिचा अर्थ या रिवाजाइतका कोणीं खरा करून दाखविला नसेल. रोममध्यें १२१५ सालीं मोठी धर्मसभा भरली. प्रेतक्रियेसाठीं व लग्नासाठीं पैसे उकळूं नयेत असा तिनें ठराव केला, आणि त्याच ठरावांत पुढें सांगितलें कीं, पूर्वापार चालत आलेल्या पुण्यकारक चाली मात्र लोकांनीं पाळाव्यात. एका हातानें बंदी आणि दुसऱ्या हातानें परवानगी. उकळणें हें पाप आणि ‘चाल’ हें पुण्य. मग कोणता धर्मगुरू आपण उकळतों असें म्हणेल?

१५११ सालच्या मार्चांत लंडनमधल्या रिचर्ड हन नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्याचें पांच आठवड्यांचें मूल वारलें. त्याचें नांव स्टीफन. व्हाइटचॅपेलच्या देवळांत त्याला मूठमाती मिळाली. तेथील धर्मगुरू टॉमस ड्रायफील्ड यानें आपला हक्क मागितला : मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळीं गुंडाळलें होतें तें दुपटें. हननें तें दिलें नाहीं. तो पैशानें गरीब नव्हता. एका दुपट्यानें त्याचें कांहीं अडत नव्हतें. पण त्यानें विचारलें, पांच आठवड्यांच्या लेंकराची मालमत्ता ती कोणती? दुपटें बापाचें आहे, आणि बाप तर जिवंत आहे! म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, हें त्या व्यापाऱ्यानें नीट ओळखलें होतें.

१५१२ सालीं ड्रायफील्डनें धर्माच्या कोर्टांत फिर्याद केली आणि अर्थात् तो जिंकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हन देवळांत गेला असतां तेथील धर्मगुरूनें चालू प्रार्थना थांबविली आणि, तूं शापित आहेस, तूं बाहेर जाईपर्यंत पुढें एक अक्षर म्हणणार नाहीं, असें सगळ्यांदेखत सांगितलें. बहिष्कृत माणसाशीं कोणीं व्यवहार करावयाचा नाहीं. त्याला राजाच्या कोर्टांत फिर्याद लावतां यावयाची नाहीं. आणि चाळीस दिवसांत तो शरण आला नाहीं तर राजाचा अंमलदार त्याला पकडून नेणार, अशी त्या वेळची रीत. व्यापाऱ्याची सगळी पुंजी त्याच्या पतीवर. ‘शापित’ हा एक शब्द उच्चारला कीं दुकान बुडालें.

हन घाबरून प्रायश्चित्त घ्यावयास गेला नाहीं. १५१३ सालीं त्यानें राजाच्या कोर्टांत अब्रूनुकसानीचा दावा लावला. शिवाय १३५३ व १३९३ सालच्या जुन्या कायद्यांचा आधार घेऊन त्यानें दुसरा दावा लावला कीं, हें धर्माचें कोर्ट पोपच्या, म्हणजे परक्या सत्तेच्या, जोरावर बसलेलें आहे; राजाच्या प्रजेला तेथें खेंचणें हाच गुन्हा आहे. आतां दुपट्याची गोष्ट राहिली बाजूला आणि धर्माच्या कोर्टाच्या मुळावरच घाव आला! तेव्हां उत्तरही तसेंच आलें. १५१४ च्या शरदांत हनला पाखंडी म्हणून पकडून लंडनच्या बिशपाच्या कैदखान्यांत टाकलें. आरोप काय? दहावा हिस्सा देवानें नेमला नसून धर्मगुरूंच्या लोभानें नेमला, असें तो म्हणाला; आणि त्याच्या घरीं इंग्रजी भाषेंतलें बायबल सांपडलें. इंग्रजाच्या घरीं इंग्रजी पोथी, हा गुन्हा! बिशपांच्या संमतीवांचून धर्मग्रंथाचें भाषांतर करूं नये असा नियम १४०९ पासून होता आणि हट्टी पाखंड्याला जाळण्याचा कायदा १४०१ पासून होता. ज्ञान लोकांच्या भाषेंत उतरलें कीं दक्षिणेचा हिशोब लोक विचारूं लागतात. म्हणून भिक्षुकशाही सर्व देशांत अगोदर भाषेवर पहारा बसविते.

१५१४ च्या डिसेंबरच्या ४ तारखेला सकाळीं हन त्या कैदखान्यांत गळफांसानें लटकलेला सांपडला. त्यानें आत्महत्या केली असें बिशपाच्या लोकांनीं सांगितलें. पण मयताची चौकशी करण्यासाठीं लंडनच्या साध्या नागरिकांची ज्यूरी बसली. ते व्यापारी व कारागीर लोक होते. पंडित कोणी नव्हता. त्यांनीं प्रेत पाहिलें, खोली पाहिली. लटकलेल्या जागेपासून मेणबत्ती दूर विझवून ठेवलेली. मनगटांवर बांधल्यासारखे वळ. प्रेताचा चेहरा स्वच्छ, पण खोलीच्या कोपऱ्यांत रक्त. त्यांनीं निकाल दिला : हा खून आहे, आणि बिशपाचा मुख्य अधिकारी विल्यम हॉर्सी व त्याचे दोन नोकर हे खुनी आहेत. हा निकाल बरोबर होता कीं नाहीं यावर इतिहासकार आजही भांडतात, आणि सर टॉमस मूरसारखा विद्वान ही आत्महत्याच म्हणत राहिला. पण राजवाड्याच्या तोडीची ज्याची सत्ता त्या बिशपाच्या माणसावर, डोळ्यांना दिसलें तेवढें पाहून, साध्या माणसांनीं नांव घेऊन बोट ठेवलें, ही गोष्ट निर्विवाद आहे.

बिशपानें काय केलें? त्यानें मेलेल्या हनवर पाखंडाचा खटला चालविला, त्याला दोषी ठरविलें आणि डिसेंबरच्या २० तारखेला त्याचें प्रेत जाळविलें. पाखंड्याची मालमत्ता जप्त. म्हणजे जिवंत राहिलेलीं मुलें भिकेला लागलीं. हॉर्सीवरच्या खटल्याच्या वेळीं त्याच बिशपानें वुल्सी या बड्या धर्माधिकाऱ्याला पत्र लिहिलें कीं, लंडनचे लोक पाखंडाला इतके अनुकूल झाले आहेत कीं, माझा माणूस आबेलासारखा निष्पाप असला तरी त्याला ते दोषी ठरवतील. शेंकडों वर्षें आपल्या जातीच्या न्यायाधीशांपुढें रयतेला उभें करणाऱ्याला आतां रयतेची ज्यूरी पक्षपाती वाटूं लागली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

हनला न्याय मिळाला नाहीं. राजानें हॉर्सीवरचा खटला पुढें चालवूं दिला नाहीं. १५१५ च्या पार्लमेंटांत हनच्या मुलांना मालमत्ता परत देण्याचें बिल खालच्या सभेंत आलें, पण वरच्या सभेंत बिशपांचा व मठाधिपतींचा भरणा मोठा. तेथें तें अडलें. त्याच सालीं विंचकूमच्या मठाधिपतीनें जाहीर प्रवचनांत सांगितलें कीं, धर्मगुरूवर राजाच्या कोर्टांत खटला भरणें हें ईश्वरी आज्ञेच्या विरुद्ध आहे. हेन्री स्टँडिश नांवाच्या दुसऱ्या धर्मगुरूनेंच त्याला उत्तर दिलें. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, भिक्षुकशाही आणि भिक्षुक जन्मलेला प्रत्येक माणूस ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आमचा झगडा हक्काशीं आहे, जन्माशीं नाहीं. ज्यांना हा भेद करतां येत नाहीं ते दुसऱ्या बाजूनें मनूचेंच काम करतात.

पण दुपट्याची गोष्ट लोक विसरले नाहींत. पुढें चौदा वर्षांनीं, १५२९ सालीं, पार्लमेंट पुन्हां भरलें तेव्हां खालच्या सभेंत सर्वांत अगोदर जीं गाऱ्हाणीं आलीं त्यांत हें मयताच्या दक्षिणेचें गाऱ्हाणें होतें. त्या सभेचा सभासद एडवर्ड हॉल यानें आपल्या बखरींत लिहिलें आहे कीं, मेलेल्याच्या घरीं एकच गाय असली तरी पोरें उपाशी मरोत, पण धर्मगुरू ती गाय सोडीत नाहीं, अशी सभासदांची तक्रार होती. त्या वर्षीं कायदा झाला. ज्याची जंगम मालमत्ता दहा मार्कांच्या आंत त्याच्याकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं. त्याच्या वर ऐपतीप्रमाणें ३ शिलिंग ४ पेन्स, ६ शिलिंग ८ पेन्स आणि फार झालें तर १० शिलिंग. आणि नवऱ्याच्या घरांतली बाई व लहान मूल मेलें तर कांहीं एक मागावयाचें नाहीं. लहान मूल! स्टीफन हनच्या दुपट्याला अठरा वर्षांनीं कायद्यानें उत्तर दिलें.

हा इतिहास परक्याचा म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाहीं. ब्राह्मणाला न बोलावतां लग्न लावलें तरी गांवजोशी आपल्या वतनाचा हक्क म्हणून कोर्टांत जाई आणि इंग्रजांचीं कोर्टें त्याला दक्षिणा देववीत. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढल्यावर बिनभटांचीं लग्नें लागूं लागलीं, तेव्हां अशाच दाव्यांशीं आमच्या शेतकरी बांधवांना झगडावें लागलें. सेवा केली नाहीं, बोलावणें नाहीं, तरी मजुरी द्या! अखेर १९२६ सालीं, रावबहादूर सी. के. बोले यांच्या खटपटीनें, मुंबई कायदेमंडळानें तो हक्क कायद्यानें मोडला. १५२९ आणि १९२६ यांच्यांत ३९७ वर्षांचें अंतर आहे. पण जिनसा पाहिल्या तर दुपटें आणि दक्षिणा एकाच बोचक्यांतली आहेत.

बहिष्काराचा दोर मात्र आमच्याकडे अजून पुरता तुटलेला नाहीं. मुंबई राज्यानें १९४९ सालीं बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. तो १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. पुढें महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो कोणाविरुद्ध करावा लागला? केवळ भटांविरुद्ध नव्हे. आमच्याच बहुजनांतल्या जातपंचायतींविरुद्ध! परजातींत लग्न केलें म्हणून घर वाळींत टाकणारे, दंड भरून घेतल्यावांचून मयताला खांदा न देणारे पंच कोणत्या वर्णाचे असतात, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवांत पाहावें. व्हाइटचॅपेलच्या धर्मगुरूनें हनला ‘शापित’ म्हटलें. आमचा पंच ‘वाळीत’ म्हणतो. शब्द बदलला, दुकान बुडावयाचें तें बुडतेंच.

आणखी एक गोष्ट इंग्लंडच्या इतिहासांतून शिकण्यासारखी आहे, आणि ती गोड नाहीं. मेलेल्याच्या घरून दोन जनावरें जात होतीं हें वर सांगितलें. १५२९ च्या कायद्यानें धर्मगुरूच्या जनावराला वेसण घातली. पण सर्वांत चांगलें जनावर नेणाऱ्या जमीनदाराला कोणीं हात लावला नाहीं. त्याचा तो हक्क विसाव्या शतकापर्यंत कायद्यांत जिवंत होता. त्याला मूठमाती देणारा कायदा १९२२ सालीं झाला. तसेंच आठव्या हेन्रीनें १५३६ ते १५४० या चार वर्षांत देशांतले सुमारें आठशें मठ मोडले. त्यांच्या विस्तीर्ण जमिनी नांगर धरणाऱ्याला मिळाल्या काय? नाहीं. त्या राजाच्या खजिन्यांत, दरबाऱ्यांच्या व पैसेवाल्यांच्या घशांत गेल्या. कुळ जेथल्या तेथें राहिलें. मालक तेवढा बदलला. आणि पाखंड्यांना जाळणें राजानें आपल्या हातीं घेतलें.

असें कां झालें? कारण पार्लमेंटांत बसून कायदा करणारे वकील, व्यापारी व जमीनदार होते. त्यांना जें बोचत होतें तें त्यांनीं काढलें. जें त्यांच्या पोटांत जात होतें तें तसेंच ठेवलें. भटाची दक्षिणा बंद झाली म्हणजे बहुजन समाज मोकळा झाला असें समजून जे आमच्यांतले पुढारी पागोटें सांवरून खुर्चीवर बसतात, त्यांना आम्ही एवढेंच विचारतों : दुसरें जनावर सुटलें, पण पहिलें जनावर कोण नेतो? सावकार नेतो कीं दलाल नेतो, कीं आपल्याच जातीचा मोठा बागाइतदार नेतो? लुटणाऱ्याच्या खांद्यावर जानवें नसलें म्हणजे लूट हलकी होत नाहीं.

वाचकहो, या सगळ्या हकीकतींत जिंकलें कोण? राजा तरवारीनें हरला. विद्वान स्वतःच्या सवलतीच्या आड लपले. हन तर खटला हरला, जीव हरला, प्रेतसुद्धां हरला. पण त्यानें एक प्रश्न सरळ विचारला आणि तो लेखी विचारला, कोर्टाच्या दप्तरांत विचारला. ज्यूरीवरच्या माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें तोंडानें सांगितलें. आणि त्या शहराच्या लोकांनीं तो प्रश्न अठरा वर्षें आपल्या पोरांबाळांना सांगत जिवंत ठेवला, म्हणून कायदा झाला. यांत देवाचा चमत्कार नाहीं कीं गोऱ्या कातडीचा गुण नाहीं. जें त्यांना जमलें तें आपल्यालाही जमण्यासारखें आहे.

तेव्हां आमचें सांगणें एवढेंच कीं, प्रत्येक घरानें आपला हिशोब मांडावा. जन्माला, लग्नाला, मरणाला आपण कोणाला काय देतों, कां देतों आणि न दिल्यास आपलें कोण काय करील, हें कागदावर लिहावें. जें श्रद्धेनें द्यावयाचें तें खुशाल द्यावें; त्याच्या आड आम्ही येत नाहीं. जें भीतीनें दिलें जातें तें उद्यांपासून थांबवावें. मुलाला आणि मुलीला वाचावयास शिकवावें. कोणाची ‘मानेची ओळ’ पाठ करून सुटण्यासाठीं नव्हे, तर तो कायदाच वाचून तपासण्यासाठीं. आणि गांवांत कोणा एकाला वाळींत टाकलें तर बाकीच्यांनीं त्याच्या ओट्यावर जाऊन बसावें. हनच्या शेजारीं त्या दिवशीं देवळांत कोणी उभें राहिलें असतें, तर कदाचित् त्याला कैदखान्याची वाट दिसली नसती.